कापसाने बुजवलेल्या खिडक्या

"नुस्तं खेळतेच का ही इथं?"

माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाचा हा प्रश्न. डॉक्टरने गोळी दिली तर नुसती गिळायचीच का, असं कोणी विचारत नाही. पण मूल खेळताना दिसलं की यांच्या पोटात दुखायला लागतं. श्रीकृष्णरावांनी हा प्रश्न खुर्चीत टेकायच्याही आधी विचारला, तेव्हाच मी ओळखलं की यांच्याशी आपलं काही सरळ जमायचं नाही.

मी मंजुषा. यवतमाळला दारव्हा रोडवर, लोहाऱ्याच्या थोडं अलीकडे, माझी दोन खोल्यांची जागा आहे. बाहेरच्या खोलीत पालक बसतात, आतल्या खोलीत मुलं खेळतात, मध्ये एक पडदा. आत वाळूचा ट्रे आहे, माती आहे, बाहुल्या, भांडीकुंडी, टोपलीभर कापूस, तान्ह्या पोळ्याला पोरं दोरीने ओढतात तसला चाकांचा लाकडी नंदी, आणि एमआयडीसीतल्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या आणून सुताराकडून करून घेतलेलं एक दुमजली बाहुलीघर. ह्याला प्ले थेरपी म्हणतात. मोठ्या माणसाच्या मनात काही सललं तर तो बोलतो, भांडतो, दारू पितो. मुलाकडे ह्यातलं काहीच नसतं, ते खेळतं. मी शेजारी बसून बघते, जे दिसतं ते साध्या शब्दांत बोलून दाखवते, आणि शिकवत काहीही नाही. हे शेवटचं मी पालकांना दोन-दोनदा सांगते, कारण नेमकं तेच त्यांच्या पचनी पडत नाही.

केतकी सात वर्षांची, दुसरीत. तिला घेऊन आले होते तिचे आजोबा श्रीकृष्णराव, निवृत्त मुख्याध्यापक, आणि वडील सलील, सरकारी कचेरीत नोकरीला. पोरगी गणपतीपासून एक शब्द बोलली नव्हती. घरी नाही, शाळेत नाही, मैत्रिणींशी नाही.

"कान, नाक, घसा, सगळं नागपूरले दाखवून आणलं," सलील म्हणाला. "रिपोर्ट नॉर्मल आहे."

"जिद्दी आहे, दुसरं काही नाही," श्रीकृष्णराव म्हणाले. "शाळेवाले म्हणून राह्यले, तोंडी परीक्षा दिली नाही तर दुसरी शाळा पाहा. मॅडम, परीक्षेच्या आत हिले बोलती करा."

गणपतीच्या आधी घरात काय झालं, असं मी विचारलं. दोघांनीही एकदम पंख्याकडे पाहिलं. मग सलील हळूच म्हणाला, "बाळ झालं होतं आमचं. मुलगा. बारशाच्या आधीच गेलं."

"कशानं?"

"हृदयाले छिद्र होतं."

"केतकीला काय सांगितलंत?"

"लहान आहे ना ते," उत्तर आजोबांनी दिलं. "देवबाप्पाले आवडलं, त्यानं नेलं, असं सांगितलं. विसरली ती. घरात कोणी विषयच काढत नाही आम्ही."

"आणि हिची आई?"

"सूनबाई माहेरी आहे, वणीले. सारखी रडे. पोरीवर परिणाम नको म्हणून मीच पाठवलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरात एक बाळ आलं आणि गेलं. पाठोपाठ आई गेली. आणि काही झालंच नाही अशा थाटात मोठी माणसं चहा पिऊन राहिली. अख्खं घर मूग गिळून बसलेलं, आणि उपचाराला आणलं कोणाला, तर सात वर्षांच्या पोरीला! मी म्हटलं, हिच्या आईला, गौरीला बोलवा, मला तिला भेटायचंय. "तिले कायले त्रास," म्हणून श्रीकृष्णरावांनी विषय मिटवला. सलील बुटांच्या लेसकडे बघत राहिला. हा माणूस वडिलांसमोर स्वतःच्या बायकोचं नावही घेत नव्हता.

केतकी पहिले काही दिवस भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मी तिला बोलावलं नाही, आमिष दाखवलं नाही. एके दिवशी ती कापसाच्या टोपलीपाशी गेली. कापसाचे छोटे बोळे वळले, आणि बाहुलीघराच्या एकेका खिडकीत कोंबायला लागली. खिडक्या झाल्या, दार झालं, मग फळ्यांमधल्या फटी. अंगठ्याने दाबून दाबून. शेवटी तिने भिंतीला कान लावला, आणि मोठा श्वास सोडला.

"सगळं बंद केलंस," मी म्हटलं. "एक फटसुद्धा राहू दिली नाहीस."

तिने मान हलवली. ती आमची पहिली बोलणी.

दर खेपेला हेच. घरात एकही बाहुली नाही, फक्त कापूस. मला वाटत होतं, आतलं कोणी बाहेर जाऊ नये म्हणून ही घर बंद करते आहे. आई गेली, बाळ गेलं, आता आणखी कोणी नको जायला. माझा हा तर्क साफ चुकीचा होता, पण मी तो माझ्यापाशीच ठेवला होता. मुलाच्या खेळाचा अर्थ आपण सांगायचा नसतो, वाट बघायची असते.

मग एका दुपारी सगळ्या खिडक्या बुजवून झाल्यावर तिने नंदी ओढत खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात नेला. बाहुलीघराकडे पाठ करून बसली. महादेवाच्या देवळात बायका नंदीच्या कानाशी लागतात ना, तशी वाकली, आणि तिचे ओठ हलले. ओठ तर हललेच, पण मला बारीकसा आवाजही आला. शब्द कळले नाहीत, आणि मी जाणून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. हातातली माती तशीच मळत राहिले. पण मनातून मी उड्या मारत होते. पोरीचा आवाज शाबूत होता, आणि तिला तो वापरायचा होता.

त्यानंतरच्या खेपेला ती आली ती वेगळीच. वेण्या घट्ट, कपाळावर टिकली, शाळेचा गणवेश इस्त्रीचा. कापसाच्या टोपलीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ बाहुलीघरापाशी गेली. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या. बाबा खुर्चीत. आई स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. आजोबा झोपाळ्यावर. मुलगी टेबलाशी, पुढ्यात पुस्तक. एक बाहुली इकडची तिकडे झाली नाही. सगळं मांडून झाल्यावर तिने हाताची घडी घातली आणि माझ्याकडे नाही, पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या फटीत चष्मा चमकत होता.

तिची नजर मात्र फिरून फिरून त्या उघड्या खिडक्यांवर जात होती.

पडदा सारून श्रीकृष्णराव आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पाहिलं मॅडम? शंभरपैकी शंभर!"

"हे तुम्ही शिकवलंत?"

"मग! मागच्या खेपेस मी पडद्यातून पाहत होतो, पोरगी चुकून राह्यली होती. खिडकीत कापूस काय, दारात कापूस काय. घर असं बुजवून ठेवणं बरं दिसते का? अपशकुन आहे तो. मी बाजारातून असंच घर आणलं, अशाच बाहुल्या आणल्या. रोज सकाळी आंघोळ झाली की सराव. जन्मभर शिष्यवृत्तीले पोरं बसवली मी. एकदा पेपरचा पॅटर्न समजला की झालं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती अशी. पोरीने जिवाच्या आकांताने जे एक दार किलकिलं केलं होतं, ते ह्या माणसाने सराव परीक्षा घेऊन बंद केलं होतं. वाईट माणूस होता का? नाही. तेच तर जास्त चीड आणणारं होतं. मायेपोटीच केलं होतं त्यांनी. पण आमच्याकडच्या शिकल्यासवरल्या घरांना माया करायची दुसरी रीतच माहीत नाही. मूल नाचलं तर त्याला स्पर्धेत घालतील, चित्र काढलं तर ग्रेडच्या परीक्षेला बसवतील. दुःख करायला लागलं तर त्याचीही शिकवणी लावतील, हे मात्र मला नवीन होतं.

"सर," मी म्हटलं, "खेळ म्हणजे पेपर नाही. त्यात बरोबर-चूक नसतं. ती जे तोंडाने सांगू शकत नाही ते हाताने सांगत होती, आणि तुम्ही तिच्या हातावर छडी मारली."

"छडी? मी बोट लावलं नाही पोरीले!"

"तिचं सांगणं पुसून तुम्ही तुमचं लिहिलंत. आता ती मला काही सांगणार नाही. सलील, तुम्ही घरी असता ना सकाळी? तुम्हाला दिसत नव्हतं?"

सलील दारातच उभा होता. "बाबांनी ठरवलं होतं," एवढंच म्हणाला.

"मग आम्ही करावं तरी काय?" श्रीकृष्णरावांचा आवाज चढला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते दिसू नये म्हणून ते आणखी ओरडत होते. "सगळं करून पाहिलं. दवाखाना झाला, नवस झाले, तुमचे खेळ झाले. एक शब्द बोलत नाही माझ्याशी. आता मी मेल्यावरच तोंड उघडते वाटते ही!"

केतकी उठली. धावत कापसाच्या टोपलीपाशी गेली, दोन्ही हातांत मावेल तेवढा कापूस घेतला आणि बाहुलीघराच्या खिडक्यांत कोंबायला लागली. बाहुल्या पडल्या, झोपाळा तुटला. एक बोळा बसायचा, दुसरा खाली पडायचा. मग ती थांबली. मान वर करून तिने माझ्या खोलीच्या भिंतींकडे पाहिलं, खऱ्या खिडकीकडे पाहिलं. हातातल्या कापसाने ती काही बुजणार नव्हती. पोरगी वळली, आजोबांच्या अंगावर झेपावली आणि कापसासकट दोन्ही हात तिने त्यांच्या तोंडावर दाबले.

"नका म्हणू आजोबा! घर ऐकून राह्यलं! तथास्तु म्हणते ते!"

घोगरा आवाज, कित्येक दिवस न वापरलेला.

सलील होता तिथेच खाली बसला. मी केतकीच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हटलं, "घर ऐकतं, म्हणून तू त्याचे कान बंद करत होतीस."

तिने मान हलवली. मग आजोबांच्या तोंडावरचे हात न काढता ती बोलायला लागली, तुटक तुटक. बाळ सारखं रडायचं. आई तिच्याजवळ झोपायची नाही. एक दिवस केतकीच म्हणाली होती, नको मले हे बाळ, जाऊ दे त्याले परत. दिवे लागायच्या वेळी म्हणाली होती. आजोबा रागावले, की तिन्हीसांजेचं असं अभद्र बोलू नये, घर तथास्तु म्हणते. "मग ते गेलं," केतकी म्हणाली. "मग आई बी गेली."

हे वाक्य ऐकत आपण सगळेच मोठे झालो. शुभ बोल, वास्तू तथास्तु म्हणते. कोणी 'वाटोळं झालं' म्हटलं तरी म्हणतात, कोणी 'मरू दे' म्हटलं तरी म्हणतात, आणि पुढच्या मिनिटाला भाजीला काय करायचं ते विचारतात. मोठी माणसं बोलतात आणि विसरतात. मूल विसरत नाही. ह्या मुलीला हृदयातलं छिद्र कोणी सांगितलं नव्हतं. तिच्याजवळ दोनच गोष्टी होत्या, आपण काय बोललो ते आणि आजोबा काय म्हणाले ते. त्यातून तिने उत्तर काढलं, की बाळाला आपणच मारलं. आणि पुन्हा कोणी मरू नये म्हणून तोंड बंद केलं. घरातली सगळी मोठी माणसं तिला जिद्दी म्हणत होती, तेव्हा ती त्यांचा जीव वाचवत होती.

श्रीकृष्णरावांनी तिचे हात बाजूला केले. चेहरा पांढरा पडला होता त्यांचा. "अगं वेडे," ते म्हणाले, "ते असं म्हणायची पद्धत असते. घराले कुठं कान असतात? वीट-सिमेंटचं घर. विज्ञान काय सांगते…"

केतकी विज्ञान ऐकत नव्हती. त्यांचा चेहरा निरखून पाहत होती.

"मग म्हणा," ती म्हणाली.

"काय म्हणू?"

"आत्ता म्हणलं ते. मी मेल्यावर. परत म्हणा."

श्रीकृष्णरावांनी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागायला लागले होते. इतकी वर्षं पोरांना सातवीचं विज्ञान शिकवलेला माणूस, ओठांवरून जीभ फिरवून म्हणाला, "असं उगाच कायले… सकाळी म्हणतो. उद्या सकाळी नक्की म्हणतो, बेटा."

केतकी खाली वाकली आणि सांडलेला कापूस गोळा करायला लागली.

मी आजवर कोणत्या पालकावर इतकी चिडले नव्हते. "सर, ती तुमच्याकडे बघून राह्यली," मी म्हटलं. "तुम्हाला नातीपेक्षा तिन्हीसांज मोठी वाटते का? तुम्ही आत्ता गप्प बसलात तर तिला काय कळणार? की तिचं बरोबर होतं. की बाळ तिनेच मारलं."

"मॅडम, तुम्ही समजत नाही…"

"बाबा, म्हणा," सलील म्हणाला. जमिनीवर बसल्या बसल्या, वडिलांकडे सरळ बघत. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने त्यांच्या नजरेला नजर दिली होती. "म्हणा, नाही तर मी म्हणतो."

श्रीकृष्णरावांनी डोळे मिटले. "मी मरतो," ते पुटपुटले.

"मोठ्यानं," केतकी म्हणाली.

"मी मरतो!"

केतकीने तळहात त्यांच्या छातीवर ठेवला आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. श्रीकृष्णरावही श्वास रोखून ऐकत होते. खरं सांगते, त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बाहेरून एक ऑटो गेला. शेजारी कोणाचा तरी कुकर वाजला. केतकी वाट बघत राहिली, आणि तिच्या हाताखाली आजोबांची छाती वरखाली होत राहिली.

"काहीच नाही म्हणलं घर," ती शेवटी म्हणाली.

"नाही म्हणलं," आजोबा म्हणाले.

तिने थोडा विचार केला. मग तिघांकडेही पाहून विचारलं, "मग बाळ कशानं गेलं?"

श्रीकृष्णरावांनी सलीलकडे पाहिलं. सलीलने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. हा प्रश्न माझ्या खोलीत विचारला गेला असला तरी माझा नव्हता. सलीलला ते समजलं असावं. त्याने खिशातून फोन काढला, वणीला लावला, स्पीकरवर टाकला. "गौरी," तो म्हणाला, "केतकी काही विचारून राह्यली."

"केतकी? कोण विचारून राह्यली?"

"आई," केतकी म्हणाली, "बाळ कशानं गेलं?"

पलीकडून काही वेळ फक्त रडणं आलं. श्रीकृष्णरावांचा हात सवयीने फोन बंद करायला पुढे झाला. मी त्यांचं मनगट धरलं, आणि अगदी घट्ट धरलं. वयाने मोठ्या माणसाशी असं वागू नये, हे मलाही लहानपणी शिकवलेलं आहे.

"त्याच्या हृदयाले छिद्र होतं, बेटा," गौरी म्हणाली. "पोटात होतं ना माझ्या, तेव्हापासूनच होतं."

"मी म्हणायच्या आधी?"

"काय म्हणायच्या?"

"नको मले बाळ, असं."

गौरीला कळायला क्षणभर लागला. मग तिचं रडणं थांबलं आणि तिचा आवाज एकदम स्पष्ट झाला. "हो. तू म्हणायच्या खूप आधी. तुझ्या म्हणण्यानं काही नाही झालं, माय. काही म्हणजे काही नाही."

केतकी खाली बसली. फोन तिने मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरला. मग तिने तो प्रश्न विचारला जो आम्हा मोठ्यांपैकी कोणीही इतके दिवस विचारला नव्हता.

"मग तू काहून गेली?"

"मी नाही गेली, बेटा," गौरी म्हणाली. "मले पाठवलं."

केतकीने मान वर केली आणि आजोबांकडे पाहिलं. ते बुटक्या स्टुलावर बसून सांडलेल्या कापसाकडे बघत होते. सलील त्यांच्या मदतीला आला नाही. मीही त्यांचं मनगट सोडून पडद्यापाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी पोरीला उत्तर दिल्याशिवाय मी त्यांना खोलीबाहेर जाऊ देणार नव्हते.